न झालेली डिचोलीची लढाई आणि विकिपीडियाला बाहेरून तपासणारे

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या बाई लिहितात: गावच्या देवळाच्या विकिपीडिया पानावर जीर्णोद्धाराचं साल 1741 दिलंय, देवस्थानचे महाजन, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारी मंडळी, मात्र 1819 सांगतात. बाईंनी दोनदा दुरुस्ती केली, दोन्ही वेळा काही मिनिटांत कुणीतरी ती उलटवली. मग भाच्याने सांगितलं की विकिपीडियाच्या चुका चव्हाट्यावर आणणारे स्वतंत्र टीकाकार बाहेर आहेत, तिकडे तक्रार घाल. अशा लोकांवर विश्वास ठेवावा का? आणि नववीच्या मुलांना प्रकल्पासाठी विकिपीडिया वापरू द्यावा का?

बाई, मी 2009 पासून विकिपीडियावर लिहितो. आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि 2015 साली कोकणी विकिपीडिया स्वतंत्र उभा राहिल्यापासून थोडंफार तिथेही. नोकरी सगळी ग्रंथालयात गेली. म्हणजे मी आतला माणूस आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. बाहेरच्या टीकाकारांचा मला कित्येक वर्षं राग यायचा. तो का गेला, हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होणार नाही, आणि सुरुवात तुमच्याच तालुक्यापासून करावी लागेल.

जुलै 2007 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख आला. बिचोलिम म्हणजे इंग्रजीतलं डिचोली. 1640-41 साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात झालेल्या युद्धाची ही हकिगत. सुमारे साडेचार हजार शब्द, खाली संदर्भांची व्यवस्थित यादी. दोनेक महिन्यांत त्याला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. तिथल्या लाखो लेखांपैकी फार थोड्यांना तो मिळतो. आणि हे युद्ध कधी झालंच नव्हतं. लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रचलेला होता, आधाराला दिलेली मुख्य पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. डिसेंबर 2012 मध्ये तो काढून टाकला गेला. पाच वर्षांहून जास्त काळ तो तिथे होता, आणि तोवर त्याच्या नकला इतर संकेतस्थळांवर पसरल्या होत्या.

आता तुमच्या वर्गातल्या मुलांना विचारा: 1640 साली मराठा साम्राज्य होतं का? शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे होते. डिचोली विजापूरच्या आदिलशाहीत होती, पोर्तुगिजांकडे ती आली नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे त्यांनी मागाहून जिंकलेल्या मुलखाबरोबर, थेट 18व्या शतकाच्या उत्तरार्धात. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराची गोष्ट तर मुलांना तोंडपाठ असेल. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला आला, तो याचसाठी की डिचोली महाल त्यांच्या हाती नव्हता. त्याच देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला आणि तसा शिलालेख दारावर आहे. दिवाडीहून फेरीने नार्व्याला उतरणाऱ्या कुणालाही हा लेख वाचून पाच मिनिटांत खटकला असता. पण पाच वर्षांत त्या वाचकांपैकी कुणी तो वाचला नाही, किंवा वाचूनही बोलला नाही.

मग ज्यांनी वाचला त्यांनी काय तपासलं? 'चांगला लेख' ठरवण्यासाठी एक स्वयंसेवक तो वाचतो. भाषा नीट आहे का, रचना आहे का, प्रत्येक परिच्छेदाखाली संदर्भ आहे का, सूर एकतर्फी नाही ना, हे बघतो. पुस्तक हातात घेऊन पान उघडून बघणं त्याच्याकडून क्वचितच होतं. गोव्याच्या बाबतीत तर फारच क्वचित, कारण आमचे संदर्भ पोर्तुगिजात, मराठीत, मोडीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी उभी हयात पुराभिलेखात घालवून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांची कागदपत्रं उजेडात आणली, पण युरोप-अमेरिकेतला संपादक ती कशी पडताळणार? त्याला पोर्तुगीज नावाचं एखादं पुस्तक आणि पान क्रमांक दिसला की तो मान डोलावतो. खोटं रचणाऱ्याने नेमकी हीच फट हेरली होती.

हा लेख उघडकीला आणणारा विकिपीडियाचाच एक संपादक होता, बाहेरचा टीकाकार नव्हे. त्याने संदर्भ एकेक करून शोधले, पुस्तकं सापडेनात, तेव्हा हा बनाव आहे असं लिहून लेख काढण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे आतली व्यवस्था शेवटी चालली. पण पाच वर्षांनी चालली, आणि ती चालावी म्हणून कुणातरी एकाला 'चांगला लेख' या शिक्क्यावर अविश्वास दाखवावा लागला. आत राहून तो अविश्वास दाखवणं कठीण असतं. तिथे नियमच आहे की दुसऱ्या संपादकाचा हेतू चांगला आहे असं धरून चालावं. एरवी हा नियम मला मनापासून पटतो, त्याच्याशिवाय अनोळखी माणसं एकत्र काम करूच शकणार नाहीत. मात्र सराईत खोटारड्याला त्याचाच आडोसा मिळतो. बाहेरच्या टीकाकारावर तो नियम बंधनकारक नाही, आणि म्हणून त्याची गरज आहे.

या बाहेरच्यांचा इतिहास फार जुना नाही. 2005 च्या मे महिन्यात जॉन सिगेनथॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कुणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ज्या माणसाने रॉबर्ट केनेडींच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याबद्दल हे! चार महिने ते तसंच राहिलं. नोव्हेंबरात सिगेनथॉलर यांनी 'यूएसए टुडे'त लेख लिहून वाचा फोडली, आणि डॅनियल ब्रँडट या विकिपीडियाच्या कडव्या टीकाकाराने अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) माग काढत लिहिणाऱ्यापर्यंत मजल मारली. डिसेंबरात नोंदणी न केलेल्यांना इंग्रजीत नवीन लेख सुरू करायची मुभा बंद झाली. हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठीचे कडक नियमही या प्रकरणानंतर आले. आज मी कुठल्याही गोमंतकीय राजकारण्याच्या पानावरचा संदर्भ नसलेला आरोप त्या नियमावर बोट ठेवून क्षणात काढू शकतो, ते या लोकांनी केलेल्या आरडाओरड्यामुळे.

त्याच नोव्हेंबरात 'विकिपीडिया रिव्ह्यू' हा टीकाकारांचा पहिला मोठा अड्डा सुरू झाला. 2012 साली तिथल्याच काही मंडळींनी 'विकिपीडिओक्रसी' काढली. या लोकांनी खरोखर बाहेर काढलेल्या गोष्टी कमी नाहीत. एक अमेरिकन कादंबरीकार टोपणनावाने प्रतिस्पर्धी लेखकांच्या पानांवर वर्षानुवर्षं सूड उगवत होता, ते 2013 मध्ये त्यांच्या मदतीने उघड झालं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जिव्हारी लागणारं आहे. इंग्रजी विकिपीडियाचा एक प्रचालक दिल्लीतल्या एका व्यवस्थापन संस्थेचं पान वर्षानुवर्षं तिच्या फायद्याचं राखत होता, टीका गाळत होता. त्या पानावर भरवसा ठेवून किती मुलांनी प्रवेश घेतला असेल, कुणी मोजलेलं नाही. बाहेरच्यांनी हा विषय लावून धरला, आणि 2015 च्या फेब्रुवारीत लवाद समितीने त्या प्रचालकाचे अधिकार काढून त्याला कायमचं बाहेर केलं. प्रचालक म्हणजे लेख काढण्याचे, सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेला माणूस. त्याच्याविरुद्ध आतून बोलायला नवा सदस्य धजावत नाही.

म्हणून तुमच्या भाच्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. पण माझा राग अगदीच निराधार होता असंही नाही. या अड्ड्यांवर नांदणाऱ्यांत विकिपीडियावरून हाकलले गेलेले बरेच असतात. काहींवर अन्याय झालेला असतो, काहींना हाकलणं अगदी योग्य असतं, आणि दोघेही सारख्याच पोटतिडकीने बोलतात. चुकीचं वाक्य दाखवून द्यायचं सोडून ते लिहिणाऱ्याचं खरं नाव, नोकरीचं ठिकाण, घरचा पत्ता खणून काढण्यापर्यंत गोष्ट जाते. टोपणनावाने लिहिणाऱ्या बायकांना याचा त्रास जास्त होतो. माझ्या ओळखीच्या एका अतिशय चांगल्या संपादिकेने याच भीतीने लिहिणं सोडलं. तिच्या लेखांत मला कधी चूक सापडली नव्हती. चूक दाखवणं आणि माणसाला उघडं पाडणं यांतली रेषा जो टीकाकार पाळतो त्याचं मी ऐकतो. जो पाळत नाही त्याचा आरोप खरा निघाला तरी त्याच्यासोबत मी उभा राहत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लहान भाषांची. इंग्रजीला निदान हे भांडखोर पहारेकरी तरी आहेत. क्रोएशियन विकिपीडिया काही मोजक्या प्रचालकांच्या गटाने जवळजवळ दहा वर्षं ताब्यात ठेवला आणि अतिउजव्या राष्ट्रवादाच्या बाजूने इतिहास वाकवला. वर्तमानपत्रांनी 2013 मध्येच ओरड केली होती, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानचा अहवाल आला 2021 मध्ये. स्कॉट्स भाषेचं तर विचारूच नका. त्या विकिपीडियावरचे 20 हजारांहून अधिक लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, शब्दकोशातून शब्द उचलून इंग्रजी वाक्यांत बसवत. वाईट हेतू नव्हता, बारा वर्षांचा असताना त्याने सुरुवात केली होती. 2020 च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या एका वाचकाने हे दाखवून दिलं, तोपर्यंत जगभर लोक समजत होते की स्कॉट्स म्हणजे वाकडंतिकडं इंग्रजीच.

आता कोकणी विकिपीडियाकडे बघा. देवनागरी, रोमी, कन्नड अशा तीन लिपींत लिहिणारी मूठभर माणसं. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे चार खंड 2013 साली मुक्त परवान्याखाली खुले केले, त्यामुळे पायाला भक्कम मजकूर मिळाला. पण त्यावर पुढे काय चढतंय, भाषांतरयंत्रातून काय ओतलं जातंय, हे बाहेरून बघणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासूनचा, संसार मोठा, चावडीवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, वादही होतात, पण गोव्याच्या पानांवर त्यातले फार थोडे फिरकतात. जे फिरकतात ते बहुधा मराठी-कोकणी वादाच्या पानांवर भांडायला येतात. देवळं, नद्या, कोमुनिदादी म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीच्या संस्था, सत्तरी तालुक्यातले वाडे यांची पानं ओस पडलेली. चुका तिथेच मुरतात.

छापील कोशांचं बरं होतं. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. चूक दिसली तर वाईला विश्वकोशाच्या कार्यालयात पत्र घालता यायचं, संपादक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना जाब विचारता यायचा. विकिपीडियावर जाब कुणाला विचारणार? सगळ्यांनी लिहिलेलं, म्हणजे कुणीच न लिहिलेलं. ती जागा बाहेरच्या टीकाकाराने भरायची असते, आणि गोव्याच्या मजकुरासाठी तो अमेरिकेतून येणार नाही. तो तुमच्या शाळेतून यावा लागेल.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमची दुरुस्ती उलटवणाऱ्याच्या जागी मी स्वतः उभा राहिलोय. 2013 चा पावसाळा. फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या पानावर दीपस्तंभाचं साल 1828 होतं, एका वर्तमानपत्राच्या जत्रा पुरवणीचा संदर्भ दिलेला. कुणा अंकपत्त्यावरून ते 1906 करण्यात आलं, संदर्भ नाही. मी उलटवलं. पुन्हा बदललं, पुन्हा उलटवलं. तिसऱ्यांदा मी 'उत्पात थांबवा' अशी सूचनाही लावली. त्यावर चर्चा पानावर एक ओळ आली: 'मी तिथला महाजन. खांब इथेच आहे, येऊन बघा.'

त्या रविवारी गेलो. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, धोतर नेसलेले, हातात नारळाच्या काथ्याचा कुंचला. दीपस्तंभाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर चढलेले. त्यांनी पाण्याने भिजवून भिजवून एक चौकट मोकळी केली. 1828 हे आकडे आधीपासून दिसत होते. त्यांच्या डावीकडचा चुना सुटला तेव्हा खाली दोन अक्षरं निघाली: 'शके'. शके 1828, म्हणजे इसवी सन 1906. मला पुढे काय बोलावं सुचेना. ते म्हणाले, 'तुम्ही वाचलंत ते बरोबरच होतं, अर्धंच होतं इतकंच.'

घरी येऊन पानाचा इतिहास काढला. 1828 हे साल पानावर पुरवणीच्या एक वर्ष आधीपासून होतं. म्हणजे पुरवणीतल्या लेखकाने विकिपीडियावरून उचललं आणि नंतर कुणीतरी तीच पुरवणी विकिपीडियाला संदर्भ म्हणून चिकटवली. पान पुरवणीच्या भरवशावर, पुरवणी पानाच्या भरवशावर. हे वर्तुळ मी तीनदा राखलं होतं, नियमांना धरून. पुढे पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांत त्या दीपस्तंभाच्या उभारणीची बातमी मिळाली, तेव्हा साल दुरुस्त झालं. त्या महाजनांना मी चर्चा पानावर क्षमा मागितली, ती आजही तिथे आहे.

त्या दिवसापासून बाहेरून आलेला, नियम न जाणणारा, चिडलेला माणूस बरोबर असू शकतो हे मी धरून चालतो.

तर तुम्ही काय करावं? लगेच बाहेरच्या टीकाकारांकडे जाऊ नका, आणि पान तिसऱ्यांदा बदलूही नका. एकाच दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उलटापालट झाली की इंग्रजी विकिपीडियावर खातं रोखलं जातं, मग तुमचं म्हणणं खरं असूनही तुम्हीच उत्पाती ठरता. चर्चा पानावर लिहा. मी याच गावची शिक्षिका आहे, देवस्थानशी माझा हा संबंध आहे, हे आधी सांगा. लपवलेला संबंध नंतर निघाला की सगळंच संशयास्पद होतं. मग पानाच्या 'इतिहास' या टॅबवर जाऊन 1741 हे साल नेमकं कोणत्या बदलात आलं ते शोधा, त्या बदलाचा दुवा द्या, आणि त्याला काय आधार आहे ते विचारा. आधार नसेल तर नवं साल घालण्याचा हट्ट धरू नका, आधी जुनं काढायला सांगा. हे सोपं जातं, कारण पुरावा देण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्यावर किंवा परत आणणाऱ्यावर असते. चुकीच्या सालापेक्षा साल नसलेलं पान केव्हाही बरं.

आठवडा-दोन आठवडे उत्तर आलं नाही तर मराठी पानासाठी चावडीवर मांडा. तिथेही दाद लागली नाही तर मग बाहेर बोला, वर्तमानपत्राला पत्र लिहा. मात्र बोलताना बदलाचे दुवे द्या, उलटवणाऱ्या सदस्याचं नाव-गाव शोधत बसू नका. तो बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी आहे, रात्री जेवण झाल्यावर शंभर बदल तपासत बसलेला.

मुलांना विकिपीडिया वापरू द्या, पण एका अटीवर: प्रत्येकाने आपल्या पानावरचा एक संदर्भ निवडायचा आणि तो खरोखर शोधून काढायचा. पुस्तक आहे का, त्या पानावर ते वाक्य आहे का. विकिपीडिया स्वतःच सांगतो की मला विश्वसनीय स्रोत धरू नका, तेव्हा यात त्याचा अपमान नाही. तीस मुलांच्या वर्गात तीस संदर्भ तपासले जातील. डिचोलीच्या त्या लेखाला पाच वर्षांत तेवढे मिळाले नव्हते.

राहिलं तुमचं साल. 1741 आणि 1819, मधलं अंतर बरोबर 78 वर्षांचं. देवळात कुठे शिलालेख असेल, बहुधा गर्भकुडीच्या (गाभाऱ्याच्या) चौकटीवर किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर, तर तो नीट बघा, आकड्यांच्या डावीकडे काय लिहिलंय ते. 'शके' सापडलं तर महाजन बरोबर आहेत. नुसता फोटो विकिपीडियावर चालणार नाही, कारण शिलालेखाचं वाचन आपलं स्वतःचं संशोधन धरलं जातं. ते कुठेतरी छापून यावं लागेल. स्थानिक इतिहासावर लिहिणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला तो दाखवा, वाचन छापून आलं की कळवा. चर्चा पानावर दुजोरा द्यायला मी येतो. आणि चुना ओला करूनच काढा, खरवडू नका, कोकणातल्या जांभ्यावरची अक्षरं खरवडली की गेलीच.